न खुळखुळणारी बाटली

४ जानेवारी

तीर्थरूप अण्णा,

आधी सॅल्यूट, मग नमस्कार. हा क्रम तुम्हीच लावून दिलेला आहे.

फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही परेडच्या मैदानावर उभे असल्यासारखे बोलता. मग मीही तशीच बोलते आणि शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाई येऊन विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना? शिवाय बातमी मोठी आहे आणि ती मला सलग सांगायची आहे. फोनवर पहिल्याच वाक्याला तुमचा सल्ला सुरू होतो.

तर बातमी अशी. मला शिकायला लागून दीड वर्ष झालं. होय, दीड वर्ष. नोकरी सांभाळून सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी घेतेय. पहिल्या वर्षाचा निकाल हातात पडेपर्यंत तुम्हाला ताकास तूर लागू द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. नापास झाले असते तर तुम्ही मिशीला पीळ देत ते सगळ्या गल्लीला ऐकवलं असतं. पास झाले. गुण बरे आहेत. निकालपत्राची प्रत सोबत ठेवलीय.

कर्नलसाहेबांनी परवानगी दिली ती एका वाक्यात. "काम अडता कामा नये." रविवारी शहरात जाऊन वर्गात बसते. बाकीचे दिवस अभ्यास चालतो पाण्याच्या टँकरच्या केबिनमध्ये. हसू नका. मी रसद अधिकारी, म्हणजे कूच निघालं की पोरांचा शिधा, बूट आणि पाणी माझ्या डोक्यावर. टँकर रिक्रूट पोरांच्या मागून त्यांच्याच चालीने चालतो. तेवढ्यात माझी दोन-चार पानं होतात. मला मोठ्याने वाचायची सवय, त्यामुळे ड्रायव्हरलाही ऐकावं लागतं. परवा म्हणाला, "मॅडम, तुमच्या जुलाबाच्या साथीमुळे माझा डबा तसाच राहिला."

तुम्ही रिक्रूट होऊन छावणीच्या ज्या गेटातून चालत आत आलात त्याच गेटातून मी रोज जाते. गेटावरच्या उस्तादांना माझं नाव लक्षात नसतं. "भरल्या बाटलीची मुलगी" म्हटलं की ताडकन उभे राहतात.

आईला सांगा, जेवण वेळेवर होतं.

तुमची,
भिंगरी

१५ जानेवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद, आणि सॅल्यूट परत. हवालदाराने कॅप्टनला आधी सॅल्यूट करायचा असतो आणि लेकीने बापाला आधी नमस्कार. आपल्या घरात आधी कोणी वाकायचं यावर मी अजून तोडगा काढू शकलेलो नाही.

निकालपत्र तुझ्या आईने शेजारणीला दाखवलं, मी सलूनवाल्याला. हा कसला कोर्स ते दोघांनाही कळलं नाही, पण दोघांनीही जोरात माना डोलावल्या. सलूनवाला म्हणाला, "म्हणजे ताई आता डॉक्टर?" मी म्हटलं, डॉक्टर नाही, पण माणूस डॉक्टरकडे जाऊ नये याची डॉक्टर. तो म्हणाला, मग हिचं पोट कसं भरणार? मी म्हटलं, लेकीला विचारून सांगतो. तू कळव.

दीड वर्ष लपवलंस याचा राग आला होता. चहा होईपर्यंत टिकला. खरं सांगू का, छाती फुगली. मी चार इयत्ता शिकून गेटात शिरलो, आणि तू त्याच गेटात बसून पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या पंगतीला जाऊन बसलीस.

तुझ्या टँकरचं वाचून हसलो. आमच्या वेळी मागून टँकर नव्हता, एक छकडा होता आणि त्यावर दोन पिंपं. त्यांच्याकडे वळून बघितलं तरी उस्ताद शिवी हासडायचे. तुला गोष्ट पाठ आहे, तरी सांगतो, म्हाताऱ्याला तेवढी मुभा असते. शेवटचं लांब कूच संपवून आम्ही गेटापाशी रांगेत उभे. उस्ताद प्रत्येकाची बाटली कमरेची सोडवून कानापाशी हलवणार. भरलेली बाटली गप्प असते. घोट घेतलेली खुळखुळते. ज्याची खुळखुळली तो त्या दिवसापासून 'खुळखुळा', शपथ परेड होईपर्यंत. अख्ख्या रांगेत न खुळखुळलेली बाटली माझी एकट्याची. कमांडरसाहेब खुर्चीवरून उठले, चालत माझ्यापर्यंत आले आणि सगळ्या पलटणीदेखत त्यांनी मला मिठी मारली. साहेबाने रिक्रूटला मिठी! दुसऱ्या वर्षी भरल्या बाटलीचा चषक सुरू झाला. बाकी तुला माहीत आहे.

बाटली पुढच्या खोलीत खिळ्यावरच आहे. परवा तिच्या पट्ट्याला पॉलिश केलं.

तुझे अण्णा

ता.क. तुला पत्र लिहिताना हे गणवेशात बसल्यासारखे ताठ बसले होते. मग उठताना "आई गं" म्हणाले. हल्ली फार वेळ बसवत नाही, पाठ धरते म्हणतात. तू गरम कपडे वापरतेस ना? – आई

२ मार्च

तीर्थरूप अण्णा,

सॅल्यूट, नमस्कार. सलूनवाल्याला सांगा, पोट सैन्य भरतं. डिग्रीने फक्त डोकं भरतं, आणि तेही सध्या दुखतंय.

उत्तराला उशीर झाला, कारण प्रबंधाचा विषय ठरत नव्हता. आमच्या मार्गदर्शक बाई हाडाच्या कडक आहेत. तुमच्या पलटणीत असत्या तर सुभेदार झाल्या असत्या. मी तीन विषय नेले, तिन्ही त्यांनी माशी झटकावी तसे झटकले. म्हणाल्या, "पुस्तकातलं आणू नकोस. तुझ्या रोजच्या कामात तुला काय खटकतं ते सांग." मी म्हटलं, माझा टँकर. तो भरून जातो आणि जवळजवळ भरूनच परत येतो. ड्रायव्हरला त्याचा केवढा अभिमान, म्हणतो, आपली पोरं उंटाची आहेत! बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "हाच तुझा विषय."

तर विषय ठरला: लांब कूच आणि पाणी. पुढे त्यातून काय निघतं ते बघायचं.

तुमची मदत हवी. तुमच्या वेळी पाणी न पिता चालायचं कसं शिकवायचे ते सगळं लिहून पाठवा. काही गाळू नका. आताचे उस्ताद मला साहेब समजून गोड गोड सांगतात, आणि पोरांना विचारलं तर ती उस्तादांकडे बघून मिठाची गुळणी धरतात.

पाठीला काय झालंय? शेकता का? डॉक्टरला दाखवलंत का?

तुमची,
भिंगरी

१२ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं आणि मला आभाळ ठेंगणं झालं. शिकलेली माणसं आमच्या बाटलीवर पुस्तक लिहिणार! हे मी आतापर्यंत सलूनवाला, पोस्टमन, गिरणीवाला आणि समोरच्या घरी रंग द्यायला आलेला माणूस, इतक्यांना सांगितलं आहे. रंगवाला दोनदा ऐकून गेला.

आता लिहून घे. निघण्याआधी बाटली काठोकाठ भरायची, झाकण पाण्याखाली धरून लावायचं, म्हणजे आत हवेचा बुडबुडा राहत नाही. जिभेखाली शर्टाचं बटण ठेवायचं, तोंडाला पाणी सुटतं. बोलायचं नाही, श्वास नाकाने. वाटेतल्या मुक्कामाला उस्ताद "पाणी" असा हुकूम देतात तेव्हा बाटली तोंडाला लावायची, पण ओठांच्या आत काही जाऊ द्यायचं नाही. लांबून प्यायल्यासारखंच दिसतं. ही शेवटची युक्ती मी शोधून काढली, आणि पुढे उस्ताद झालो तेव्हा कितीतरी तुकड्यांना शिकवली. तुझ्या पुस्तकात तिला माझं नाव दे असं म्हणत नाही. दिलंस तर अडवणारही नाही.

इथेही मी कामाला लागलो आहे. बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना शिस्त लावतोय. निवृत्त पोस्टमास्तर बरे तयार झाले. एक बँकवाले मात्र काखोटीला बाटली मारून येतात आणि दर वळणावर घोट घेतात. त्यांना मी सगळ्यांसमोर खुळखुळा म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून बाटली बंद. बघ, अजून वजन आहे शब्दाला.

पाठीचं काही नाही. वयाचं आहे.

तुझे अण्णा

ता.क. पाकीट चिकटवायला माझ्याकडे देऊन हे आंघोळीला गेलेत, म्हणून घाईने लिहितेय. पाठ नाही, मूतखडा आहे. दुसऱ्यांदा. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, हे गृहस्थ पाणी पितच नाहीत का? मी म्हटलं, नाही, खिळ्यावर टांगतात. तुला कळवायचं नाही असा हुकूम आहे. पण मी काही यांच्या पलटणीत नाही. – आई

९ एप्रिल

तीर्थरूप अण्णा,

नमस्कार. आईने मला काहीही लिहिलेलं नाही, तरी आपलं सहज विचारते, तुम्ही दिवसाला पाणी किती पिता? खरं उत्तर द्या. कॅप्टन विचारतेय असं समजा.

युक्त्या मिळाल्या. सगळ्या उतरवून घेतल्या. बटणाची गोष्ट बाईंनी दोनदा वाचली आणि समासात लाल खूण केली.

इथे गेल्या आठवड्यात सरावाचं कूच होतं. ऊन आत्ताच मे महिन्यासारखं पडलंय. तुकडीतला सगळ्यात चपळ पोरगा, धावण्यात कायम पहिला, गेट दिसायला लागलं तिथे भेलकांडला. आधी उस्तादांवर उगाच खेकसला, जे तो कधी करणार नाही, आणि मग आडवा झाला. अंग चटका बसेल इतकं तापलेलं. मी टँकरमधून उडी मारली. ड्रायव्हरने नळी सोडली, आम्ही त्याला नखशिखांत भिजवला, सावलीत नेला, वारा घातला, आणि तसाच ओला दवाखान्यात पोचवला. आता बरा आहे. उठून बसतो, घरी पत्र लिहितो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर मी काही सांगू शकले नसते.

त्याच्या कमरेची बाटली मी सोडवली होती, अण्णा. काठोकाठ भरलेली. मी ती कानाशी हलवली. आवाज नाही.

शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं काय विचारलं सांगू? "मॅडम, बाटली खुळखुळली तर नाही ना?"

त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागत नाही. प्रबंध मात्र भराभर लिहून होतोय. जास्त नंतर लिहीन. पाणी प्या.

तुमची,
भिंगरी

१८ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. पोरगा सावरला हे वाचून जीव भांड्यात पडला. उपाशीपोटी निघाला असेल. हल्लीची पोरं सकाळचं नीट खात नाहीत. किंवा ताप अंगात असेल आधीपासून. असं एखाद्याला होतं, त्यात उस्तादांना बोल लावू नकोस. आणि तू ट्रकमधून उड्या मारत जाऊ नकोस, गुडघे जातात.

पाणी तहान लागली की पितो. तहान लागत नाही, त्याला मी काय करू?

आता माझी बातमी. कर्नलसाहेबांचं पत्र आलं, छापील नाही, स्वतःच्या हातचं. यंदा शपथ परेडला चषक माझ्या हस्ते, दरवर्षीप्रमाणेच, पण या वेळी व्यासपीठावरून चार शब्द बोलायचेही आहेत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. मी कोट शिंप्याकडे टाकला आहे, पोटाकडून थोडा उसवायला. भाषणाची तयारी चालू आहे. तुझा प्रबंध तोवर पुरा होईल ना? त्यातलं एक पान मला पाठव, मी ते पोरांना वाचून दाखवेन. बापाची बाटली आणि लेकीचं पुस्तक, एकाच व्यासपीठावर! तुझी आई म्हणते फार उड्या मारू नका. तिला माझ्या आनंदाचं नेहमीच वावडं.

तुझे अण्णा

६ मे

तीर्थरूप अण्णा,

तुम्ही एक पान मागितलं होतं. मी सगळाच प्रबंध पाठवतेय. आज दिला नाही तर मग कधीच धीर होणार नाही.

तुम्ही तो वाचण्याआधी मीच सांगते. हा प्रबंध तुमच्या बाटलीच्या विरुद्ध आहे. मार्चपासून मला हे माहीत होतं आणि मी तुमच्याकडून युक्त्या लिहून घेत राहिले. तुम्ही हौसेने पाठवल्यात आणि मी त्या "पोरं पाणी का पीत नाहीत" या प्रकरणात घातल्या. तुमचं नाव कुठेही नाही. पण तुम्हाला तुमचं वाक्य ओळखू येईल.

छावणीच्या दवाखान्याच्या जुन्या नोंदींत जे पडलेले सापडले ते बहुतेक सगळे शेवटच्या टप्प्यात पडलेत, गेट दिसायला लागल्यावर. आणि पडलेले कच्चे नव्हते, अण्णा. कच्ची पोरं गुपचूप घोट घेतात, खुळखुळा म्हणवून घेतात आणि घरी जातात. पडतात ती अभिमानी. तहान ही सवय लावून मोडता येत नाही. शरीराला लागतं तेवढं लागतंच. तहान लागायची बंद होते ती आपण जिंकल्यामुळे नाही, शरीराने मागणं सोडल्यामुळे.

मी दोन शिफारशी केल्यात. गेटावर बाटली हलवून बघायची पद्धत बंद करावी. आणि चषक बंद करावा.

कर्नलसाहेबांनी वाचलं. म्हणाले, "तुझं बरोबर आहे. हुकूम मी आज काढतो. पण हुकूम काढून काय होईल ते बघ." हुकूम निघाला, दर मुक्कामाला प्रत्येकाने पाणी प्यायचं. दुसऱ्या दिवशी मी रांगेसमोर उभी राहून बघितलं. सगळ्यांनी बाटल्या तोंडाला लावल्या. एकाच्याही गळ्याची घाटी हलली नाही. टँकर भरलेलाच परत आला. उस्ताद माझ्याशी कामापुरतं बोलतात. परवा मागून ऐकू आलं, "भरल्या बाटलीच्या पोटी ही कशी निपजली?"

साहेब म्हणाले, चषक तुझ्या वडिलांच्या हातून जातो, तेव्हा त्यांच्याशी तूच बोल. म्हणून बोलतेय. परेडच्या दिवशीच माझी तोंडी परीक्षा आहे, मला येता येणार नाही. तुम्ही येऊ नये असं वाटलं तर साहेब समजून घेतील. येऊन चषक दिलात तरी मी काही म्हणणार नाही. तो तुमचा मान आहे.

मला परीक्षेची भीती वाटत नाही. तुम्ही मला पत्र लिहायचं बंद कराल याची वाटते.

तुमची,
भिंगरी

२५ मे

प्रिय भिंगरी,

यांच्याऐवजी मीच लिहितेय, कारण हे लिहीत नाहीत.

पाकीट आलं त्या दिवशी यांनी तुझं पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि बागेत गेले. जेवायच्या वेळेला आले. मी काही विचारलं नाही. इतक्या वर्षांत मला एवढं कळलंय की यांना विचारलं की हे मिटतात आणि सोडून दिलं की दोन दिवसांनी आपोआप उघडतात. या वेळी दोन दिवस झाले, आठवडा झाला, उघडले नाहीत. खिळ्यावरची बाटली काढून कपाटात ठेवली. तिथे भिंतीवर पांढरा डाग उरलाय, तो फार वाईट दिसतो.

पण एक सांगते. तुझा तो जाडजूड प्रबंध हे रोज दुपारी वाचतात. बोट ठेवून, ओठ हलवत. अडलं की पोस्टमास्तरांकडे जातात. परवा मला विचारलं, "निर्जलीकरण म्हणजे काय?" मी म्हटलं, तुमचा मूतखडा. परत पान उघडून बसले.

कोट शिंप्याकडून आणलाय. जाणार की नाही ते सांगत नाहीत. तू मनाला लावून घेऊ नकोस. परीक्षेला जाताना खाऊन जा.

आई

१ जून

प्रिय आई,

तुझं पत्र वाचून परवा टँकरमध्येच रडले. ड्रायव्हरने गाडी आणखी हळू केली.

त्यांना काही समजावू नकोस. जायचं असेल तर जाऊ दे, चषक द्यायचा तर देऊ दे. फक्त एवढं कर, त्यांच्या उशाशी तांब्या भरून ठेव आणि काही बोलू नकोस. मला पदवी मिळाली आणि त्यांचे खडे तसेच राहिले तर मी कशाची सार्वजनिक आरोग्यवाली?

तुझी,
भिंगरी

१४ जून

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तू पास झालीस हे काल फोनवर तुझ्या आईने ऐकलं आणि मी तिच्या चेहऱ्यावर वाचलं. मार्गदर्शक बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्यासारखा उस्ताद मला मिळाला असता तर मीही चारच्या पुढे गेलो असतो.

राग आला होता. तुझा नव्हता असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला, तुझाही आला होता. युक्त्या मागवून घेतल्यास आणि त्यांचंच माझ्याविरुद्ध प्रकरण केलंस, याचा फार आला. बागेत बाकावर बसून मी मनातल्या मनात तुला चांगली लांबलचक उत्तरं लिहिली. एकही टपालात टाकण्यासारखं नव्हतं.

मग प्रबंध उघडला. अर्धा कळला नाही. पण ते गेटापाशी पडण्याचं प्रकरण कळलं. आणि तुझ्या एप्रिलच्या पत्रातलं त्या पोराचं वाक्य मला झोपू देईना. त्याचं कारण तुला सांगतो. तुझ्या आईलाही मी हे परवाच सांगितलं.

माझी गोष्ट नेहमी मिठीपाशी संपते. कमांडरसाहेब खुर्चीवरून उठून आले ते खरं. त्यांनी मला दोन्ही हातांनी कवटाळलं हेही खरं. पण ती मिठी नव्हती गं. मी पडत होतो. साहेबांना लांबून दिसलं आणि त्यांनी येऊन मला धरलं. मागच्या रांगांना वाटलं मिठी. मला जाग आली ती दवाखान्यात, आणि मी पहिलं काय विचारलं असेल? तुझ्या पोराने विचारलं तेच. शब्द न् शब्द तोच. मी बाहेर आलो तोवर मिठीची गोष्ट सगळ्या छावणीत पसरली होती, लोक पाठीवर थाप मारत होते. विशीतला पोरगा, मी कशाला खोडून काढतो? नंतर इतकी वर्षं सांगितली की मलाही ती मिठीच आठवायला लागली.

तर मी गेलो परेडला. कोट घातला, कपाटातली बाटली काढली, तुझ्या प्रबंधाशेजारी पिशवीत घातली. गेटातल्या नळावर ती काठोकाठ भरली, झाकण पाण्याखाली धरून, आणि कमरेला लावली. मोठे उस्ताद पुढे आले, "या, भरली बाटली आली!" म्हणून सगळ्यांना ओरडून सांगितलं. मी प्रबंधाची पिशवी घट्ट धरली. टेबलावर तो चषक, पांढऱ्या कापडाखाली. तुझा तो चपळ पोरगा कडेला खुर्चीवर बसलेला, अजून कवायतीला मनाई आहे त्याला. ऊन मरणाचं होतं.

मला बोलायला उभं केलं. पाठ केलेलं सगळं विसरलो. मी म्हटलं, पोरांनो, साहेबांनी मला मिठी मारली नव्हती, मी पडत होतो म्हणून धरलं होतं. आधी हसले. त्यांना वाटलं म्हातारा गंमत करतोय. मग मी दवाखान्यात काय विचारलं ते सांगितलं. तेव्हा हसणं थांबलं. त्या पोराने मान खाली घातली.

पुढे काय बोलायचं ते सुचेना. म्हणून मी बाटली सोडवली, झाकण काढलं आणि प्यायलो. सगळी. तीन दमांत, घाईने पिऊ नये असं तू लिहिलंयस म्हणून. अख्खी पलटण सावधानमध्ये उभी आणि व्यासपीठावर मी एकटा घटाघट पाणी पितोय. थोडं कोटावर सांडलं. भिंगरी, इतक्या वर्षांनी त्या बाटलीतलं पाणी प्यायलो. पाण्यासारखं पाणी. फार गोड लागलं.

मग मोठ्या उस्तादांना हाक मारली. त्यांना मीच कधीकाळी चालायला शिकवलं होतं. म्हटलं, ये, हलव. त्यांनी बाटली कानाशी नेऊन हलवली. मी विचारलं, "खुळखुळते?"

ते म्हणाले, "नाही, उस्ताद."

"मग मी खुळखुळा का?"

"नाही, उस्ताद."

मी पोरांकडे वळलो आणि माझ्या जुन्या आवाजात सांगितलं, जो मला वाटलं होतं संपला. भरलेली गप्प असते तशी रिकामीही गप्प असते. अर्धी असते तीच खुळखुळते. यापुढे गेटावर नाही, दर मुक्कामाला बाटली हलवून बघायची, आणि ती रिकामी ऐकू आली पाहिजे. ज्याची खुळखुळली तो खुळखुळा. मग टँकरपाशी जाऊन परत भरायची.

उस्ताद लोक एकमेकांकडे बघत राहिले. मग मोठे उस्ताद हसले आणि म्हणाले, हे जमेल. कान आमचे तेच, बाटली तीच. तुझी पहिली शिफारस मी मोडली, पद्धत बंद नाही केली, उलटी केली. बाईंना विचार, चालेल का. चषक मी कोणालाच दिला नाही. कर्नलसाहेब म्हणाले, पुढच्या वर्षी ज्या कंपनीचा टँकर रिकामा परत येईल तिला देऊ. तुझ्या ड्रायव्हरचा चेहरा पडला. त्याच्यावर लक्ष ठेव, कंपनीच्या मानासाठी वाटेत पाणी सोडून देईल.

निघताना तो पोरगा उठून उभा राहिला आणि त्याने मला सॅल्यूट केला. मी त्याला मिठी मारली. ही खरी.

बँकवाल्यांची बागेत सर्वांसमोर माफी मागितली. बाटली आता खिळ्यावर नाही. स्वयंपाकघरात ओट्यावर असते. सकाळी भरली जाते आणि संध्याकाळी तपासणी होते. तपासणी कोण करतं ते तुला सांगायला नको. मूतखड्याचं तुला कसं कळलं तेही मी विचारत नाही. शत्रू घरात आहे.

कॅप्टनसाहेब, या वेळी आधी सॅल्यूट माझा.

तुझे अण्णा

ता.क. आज संध्याकाळी हलवून बघितली. खुळखुळली. – आई